प्रतिजैविके आणि अमली पदार्थांची मूत्रचाचणी : एक ऐतिहासिक अभ्यास
(बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी स्वतंत्रपणे वाढल्या. स्वस्त प्रतिजैविके खेड्यापाड्यांतील रुग्णापर्यंत पोहोचली आणि अमली पदार्थांचे सेवन ओळखणारी मूत्रचाचणी रुग्णालय, व्यसनमुक्ती केंद्र व नोकरीपूर्व तपासणी यांचा भाग झाली. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन व क्विनोलोन गटातील काही औषधांमुळे या चाचणीत अफूजन्य पदार्थ आढळल्याचा चुकीचा निष्कर्ष येऊ शकतो, हे १९९८ ते २००२ या काळात संशोधनातून स्पष्ट झाले. प्रस्तुत निबंधात या दोन्ही इतिहासांची गाठ कशी पडली याचा मागोवा घेतला असून, बुलढाण्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो याचा विचार केला आहे. प्राथमिक चाचणीचा होकार हा पुरावा नसून पुढील तपासाची सूचना आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रतिजैविके, क्विनोलोन, रिफाम्पिसिन, अफूजन्य पदार्थ, छाननी चाचणी, पुष्टी चाचणी, बुलढाणा जिल्हा

प्रस्तावना

इंग्रजीतील ‘ड्रग’ या एकाच शब्दाने औषध आणि अमली पदार्थ या दोहोंचा बोध होतो. मराठीने मात्र हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत. औषध घेणारा रुग्ण असतो आणि अमली पदार्थ घेणारा व्यसनी किंवा गुन्हेगार ठरतो. समाजाच्या दृष्टीने या दोघांत मोठे अंतर आहे. प्रयोगशाळेतील चाचणीला मात्र हे सामाजिक अंतर कळत नाही. तिच्यासमोर असतो तो फक्त लघवीचा नमुना. त्या नमुन्यातील एखादे प्रतिजैविक अफूजन्य पदार्थासारखी प्रतिक्रिया देऊ लागले, तर रुग्णावर व्यसनी असल्याचा शिक्का बसू शकतो.

हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. चाचणी कोणत्या गरजेतून जन्मली, औषधे सर्वांच्या हाती कशी आली आणि चाचणीच्या निकालावर किती विश्वास ठेवावा हे कोणी ठरवले, हे प्रश्न इतिहासाचेही आहेत. म्हणून प्रस्तुत अभ्यासात वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. अफूची ओळख : रंगापासून प्रतिपिंडापर्यंत

अफू ही भारतीय समाजाला परकी वस्तू नव्हती. दुखण्यावर, अतिसारावर आणि रडणाऱ्या तान्ह्या मुलाला झोपवण्यासाठी तिचा वापर होत असे. कष्टकरी स्त्रिया मुलाला अफूची बारीक गोळी देऊन कामावर जात, ही प्रथा देशाच्या अनेक भागांत होती. ब्रिटिश अमलात १८५७ व १८७८ च्या कायद्यांनी अफूचे उत्पादन व विक्री सरकारी नियंत्रणाखाली आणली. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि त्यासोबत आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा प्रदेशही त्यांच्या प्रशासनाखाली आला. १८९३ ते १८९५ या काळात अफूविषयक शाही आयोगाने भारतातील अफूसेवनाची चौकशी केली. त्या काळी अफू हा मुख्यतः महसुलाचा विषय होता. ती कोणी घेतली हे शरीरातून शोधण्याची गरज प्रशासनाला वाटत नव्हती.

पदार्थ ओळखण्याची गरज प्रथम विषप्रयोगाच्या तपासात निर्माण झाली. १८९६ मध्ये मार्क्विस यांनी फॉर्माल्डिहाइड व गंधकाम्ल यांच्या मिश्रणाची रंगचाचणी मांडली. अफूजन्य पदार्थ असल्यास मिश्रणाला जांभळा रंग येतो. ही चाचणी सोपी व स्वस्त असल्याने ती जगभर रूढ झाली. मात्र इतर काही पदार्थही तिच्यात रंग देत. त्यामुळे रंग दिसला की पदार्थ सिद्ध झाला असे अनुभवी रसायनतज्ज्ञ मानत नसत. प्राथमिक खूण आणि अंतिम ओळख यांतील हा भेद पुढील इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर यालो व बर्सन यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत विकसित केली. १९७० मध्ये हेच तत्त्व मॉर्फिनसाठी वापरण्यात आले. त्यानंतर लगेचच राजकीय गरज उभी राहिली. व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन पसरले होते. १९७१ मध्ये मायदेशी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची मूत्रचाचणी सुरू झाली. हजारो नमुने झटपट तपासण्यासाठी प्रतिपिंडांवर आधारित यांत्रिक पद्धती आवश्यक ठरली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांना सुरुवात झाली आणि मूत्रचाचणी सैन्याबाहेर पडून नोकरीच्या क्षेत्रात आली.

या पद्धतीचे तत्त्व थोडक्यात असे सांगता येईल. मॉर्फिनला चिकटणारे प्रतिपिंड नमुन्यात मिसळले जातात. त्यांना चिकटणारा पदार्थ ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास यंत्र होकार देते. याचा अर्थ प्रतिपिंड मॉर्फिनला ओळखतो असा नव्हे. आपल्या खाचेत जे बसेल त्याला तो पकडतो. कुलपाला एखादी परकी किल्लीही लागावी, तसे दुसऱ्या पदार्थाचे रेणू त्या खाचेत बसू शकतात. पद्धतीचा वेग आणि तिची उणीव ही दोन्ही या एकाच तत्त्वातून आली आहेत.

२. प्रतिजैविकांचा प्रसार : पिंपरी ते तालुक्याचे गाव

प्रतिपिंडांची चाचणी विकसित होत असतानाच भारतात प्रतिजैविकांचा प्रसार होत होता. स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिनसाठी आयातीवर अवलंबून राहणे परवडणारे नव्हते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक उद्योगाची स्थापना झाली व १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. डॉ. थिरुमलाचार यांनी याच ठिकाणी हॅमायसिन या बुरशीरोधक औषधाचा शोध लावला. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील हे एक महत्त्वाचे पर्व होते.

दुसरा टप्पा क्षयरोगाच्या उपचाराचा. १९५७ मध्ये इटलीतील मिलान येथील लेपेटिट प्रयोगशाळेत, फ्रान्सच्या किनारपट्टीवरील मातीच्या नमुन्यातून रिफामायसिन गटाचा शोध लागला. त्यातून पुढे तोंडाने घेता येणारे रिफाम्पिसिन तयार झाले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची पुनर्रचना होऊन १९९७ पासून सुधारित कार्यक्रम देशभर विस्तारत गेला आणि मार्च २००६ पर्यंत त्याने संपूर्ण देश व्यापला. या कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी रिफाम्पिसिन होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत ते मोफत मिळू लागले. या गोळीने लघवीला नारिंगी-तांबडा रंग येतो, हे खेड्यातील रुग्णालाही ठाऊक असते.

तिसरा टप्पा क्विनोलोन औषधांचा. क्लोरोक्विनच्या निर्मितीत मिळालेल्या एका उपपदार्थापासून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल पुढे आले. त्यातून नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन व लेव्होफ्लॉक्सासिन ही मालिका उभी राहिली. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट न देता केवळ निर्मितिप्रक्रियेला दिले. त्यामुळे देशी कंपन्यांनी ही औषधे स्वतःच्या प्रक्रियेने बनवली व ती स्वस्त झाली. २००५ पासून उत्पादन पेटंट पुन्हा लागू झाले, तोपर्यंत ही नावे तालुक्याच्या गावातील औषध दुकानांत रुळली होती. मूत्रमार्गाचा संसर्ग, विषमज्वर, जुलाब, जखम अशा अनेक तक्रारींवर ती दिली जाऊ लागली. प्रतिरोधी क्षयरोगाच्या उपचारातही लेव्होफ्लॉक्सासिनला महत्त्वाचे स्थान मिळाले.

३. दोन इतिहासांची गाठ

रिफाम्पिसिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत अफूजन्य पदार्थांची चाचणी होकारार्थी येते, अशी निरीक्षणे १९९८ व १९९९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. २००२ मध्ये आणखी एका अभ्यासाने या निरीक्षणांना दुजोरा दिला. ६०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर सुमारे १८ तासांपर्यंत हा परिणाम दिसू शकतो, असे आढळले. ज्या रुग्णाला ही गोळी रोज घ्यावी लागते, त्याच्या बाबतीत हा परिणाम उपचार संपेपर्यंत जवळजवळ सतत राहू शकतो, हे उघड आहे.

क्विनोलोनविषयीचा महत्त्वाचा अभ्यास २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १३ क्विनोलोन औषधे ५ वेगवेगळ्या चाचणीपद्धतींवर तपासण्यात आली. त्यांपैकी ९ औषधांनी किमान एका पद्धतीत होकाराची मर्यादा ओलांडली. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन व पेफ्लॉक्सासिन यांचा प्रभाव सर्वाधिक होता. निरोगी स्वयंसेवकांना नेहमीच्या मात्रेत औषध देऊन तपासले असता सहाही जणांच्या नमुन्यात होकार मिळाला. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सर्व क्विनोलोन सारखी वागत नाहीत. दुसरी, एकच नमुना एका कंपनीच्या संचावर होकारार्थी व दुसऱ्या कंपनीच्या संचावर नकारार्थी येऊ शकतो. म्हणजे निकाल रुग्णाच्या शरीराइतकाच प्रयोगशाळेने विकत घेतलेल्या संचावरही अवलंबून असतो.

मर्यादेचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. अमेरिकेतील कामाच्या ठिकाणच्या चाचण्यांसाठी होकाराची मर्यादा प्रारंभी दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. ती १९९८ च्या अखेरीस २,००० नॅनोग्रॅम करण्यात आली. खसखस खाल्ल्याने किंवा कोडीनयुक्त औषध घेतल्याने अनेक निर्दोष व्यक्ती पहिल्या मर्यादेत अडकत होत्या, हे त्यामागचे कारण होते. म्हणजेच होकार कोठे सुरू होतो ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. अनुभवातून शिकत ती माणसांनी आखली व पुढे बदलली.

४. साम्य, सत्य आणि गैरसमज

खसखशीचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकाला जवळचे आहे. दिवाळीच्या अनारशांवर खसखस असते आणि वाटणाच्या मसाल्यातही ती घातली जाते. खसखशीत मॉर्फिनचा अल्प अंश असू शकतो. त्यामुळे तिच्यामुळे आलेला होकार तांत्रिकदृष्ट्या खरा असतो. शरीरात मॉर्फिन असते, पण व्यसन नसते. प्रतिजैविकाच्या बाबतीत मात्र मॉर्फिन मुळातच नसते. पहिल्या ठिकाणी चाचणी बरोबर असून अर्थ चुकतो, दुसऱ्या ठिकाणी चाचणीच चुकते. पुष्टी चाचणी दुसऱ्या प्रकारचा दोष दूर करते. पहिल्यासाठी मात्र माणसालाच विचारावे लागते.

प्रतिजैविकांवर येणारा प्रत्येक आरोप खरा नसतो, हेही नोंदवणे आवश्यक आहे. अमॉक्सिसिलिनमुळे कोकेनची चाचणी होकारार्थी येते असा समज पसरला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. प्रोकेन पेनिसिलिनचा प्रश्न वेगळा आहे. शर्यतीच्या घोड्याला हे इंजेक्शन दिल्यास त्यातील प्रोकेन हे भूल देणारे द्रव्य उत्तेजक चाचणीत सापडते. ते खरोखरच शरीरात असते, पण दिलेले असते ते संसर्गावरील औषधासोबत.

प्रोबेनेसिडचा इतिहास याहून बोलका आहे. पेनिसिलिन दुर्मीळ असताना ते मूत्रावाटे लवकर बाहेर टाकले जाऊ नये, या हेतूने असे सहायक औषध शोधण्यात आले. पुढे पेनिसिलिन मुबलक झाले आणि प्रोबेनेसिड मुख्यतः संधिवातावर वापरले जाऊ लागले. नंतर काही खेळाडूंनी उत्तेजक द्रव्ये मूत्रात उतरू नयेत म्हणून त्याचा उपयोग केला. १९८८ च्या फ्रान्समधील सायकल शर्यतीत विजेत्या पेद्रो देल्गादो याच्या नमुन्यात ते आढळले. ऑलिंपिक समितीने त्यावर बंदी घातली होती, परंतु सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ते तोपर्यंत आले नव्हते. त्यामुळे त्याचे विजेतेपद कायम राहिले. एकच द्रव्य एका काळात जीवनरक्षक आणि दुसऱ्या काळात संशयास्पद कसे ठरते, याचे हे उदाहरण आहे.

५. महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचा अनुभव आणि बुलढाणा जिल्हा

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या नावाने हेरॉइनचे व्यसन पसरले. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थविरोधी कायदा केला आणि त्यात सेवनालाही शिक्षा ठेवली. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनाकडे गुन्हा म्हणून न पाहता आजार म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी समाजाला मिळण्यात या कार्याचा मोठा वाटा आहे.

व्यसनमुक्तीच्या उपचारात विश्वास हे मुख्य भांडवल असते. मूत्रचाचणी त्या विश्वासाची कसोटी असते. कुपोषण, दाटीवाटीची वस्ती आणि दुर्बल झालेली प्रतिकारशक्ती यांमुळे व्यसनी व्यक्तीला क्षयरोगाचा धोका अधिक असतो. अशा व्यक्तीने व्यसन सोडले आणि क्षयाचे औषध नियमित घेतले, तर तिच्या चांगल्या वर्तनामुळेच तिची चाचणी होकारार्थी येऊ शकते. रिफाम्पिसिनचा आणखी एक परिणाम १९७६ मध्ये नोंदवला गेला होता. मेथाडोनवर असलेल्या रुग्णांत रिफाम्पिसिनमुळे मेथाडोन शरीरातून वेगाने नाहीसे होते आणि व्यसन तुटल्याची लक्षणे उद्भवतात. म्हणजे एकच गोळी रुग्णाला अस्वस्थ करू शकते आणि त्याच वेळी त्याने हेरॉइन घेतल्याचा खोटा पुरावाही निर्माण करू शकते. अस्वस्थ रुग्ण आणि होकारार्थी चाचणी या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावर, माहिती नसलेला उपचारकर्ता कोणता निष्कर्ष काढील हे सांगावयास नको.

बुलढाणा जिल्ह्याचा विचार करता हा प्रश्न अधिक ठोस होतो. १३ तालुक्यांच्या या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथील खाऱ्या पाण्याबाबत आणि मूत्रपिंडाच्या विकारांबाबत दीर्घकाळ तक्रारी आहेत. लेव्होफ्लॉक्सासिन मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या व्यक्तीच्या शरीरात ते अधिक काळ राहते. म्हणून औषध बंद केल्यावर इतक्या दिवसांनी चाचणी करावी असा सरसकट नियम अशा रुग्णाला लागू पडेलच असे नाही.

दुसरी बाब नोंदींची. ग्रामीण भागात आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखाना गाठायचा, पुडीत बांधलेल्या चार गोळ्या घ्यायच्या किंवा दुकानातून पट्टीचा तुकडा कापून आणायचा, हा सर्वपरिचित व्यवहार आहे. अशा रुग्णाला औषधाचे नाव माहीत नसते, चिठ्ठी जपलेली नसते आणि कापलेल्या पट्टीवर नाव उरलेले नसते. जिल्ह्यातील तरुण सुरक्षा दले, मालवाहतूक, जहाजावरील नोकरी किंवा महानगरांतील खासगी सेवा यांकडे वळतो, तेव्हा काही ठिकाणी त्याला मूत्रचाचणीस सामोरे जावे लागते. गेल्या आठवड्यात कोणते औषध घेतले, या प्रश्नाला ‘तापाची गोळी’ एवढेच उत्तर त्याच्याजवळ असते. खरे बोलूनही स्वतःचा बचाव करण्याचे साधन त्याच्या हाती नसते.

या दृष्टीने औषधविक्रीच्या नियमांतील एक तरतूद उल्लेखनीय आहे. मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीत क्षयरोगावरील औषधे व काही नवी प्रतिजैविके समाविष्ट आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद, डॉक्टर व रुग्णाच्या नावासह, विक्रेत्याने ठेवावी व ती तीन वर्षे जतन करावी असा नियम आहे. औषधांचा गैरवापर व जंतूंचा प्रतिरोध रोखणे हा त्यामागील उद्देश. परंतु हीच वही निर्दोष रुग्णाच्या बाजूचा पुरावाही ठरू शकते.

६. चाचणीविषयक धोरणांचा बदलता विचार

चाचणीच्या मर्यादा ओळखणारी उत्तम पद्धत दोन पायऱ्यांची आहे. प्रथम प्रतिपिंडांवर आधारित छाननी आणि होकार आल्यास वायू अथवा द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांच्या साहाय्याने पुष्टी. दुसऱ्या पद्धतीत रेणू वेगळा करून त्याच्या तुकड्यांवरून ओळखला जातो, त्यामुळे लेव्होफ्लॉक्सासिन व मॉर्फिन यांत गोंधळ होत नाही. ही पद्धत खर्चिक आहे आणि तिला वेळ लागतो. म्हणून जेथे पैसा व वेळ कमी तेथे पहिल्याच पायरीवर थांबण्याचा मोह होतो.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या यादृच्छिक चाचण्या लागू केल्या. तेथे छाननीत दोष दिसल्यास त्याला होकारार्थी न म्हणता ‘नकारार्थी नसलेला’ असे म्हटले जाते आणि पुष्टी अहवाल येईपर्यंत संबंधिताला केवळ कामावरून दूर ठेवले जाते. शब्दयोजनेतील ही सावधगिरी अर्थपूर्ण आहे. याउलट २०१८ मध्ये पंजाब सरकारने सर्व शासकीय कर्मचाऱ्यांच्या चाचणीची घोषणा केली, तेव्हा चाचणीचे स्वरूप प्रतिबंधापेक्षा सार्वजनिक शुद्धिपरीक्षेचे झाले. चाचणी जितकी व्यापक आणि व्यसनाचे प्रमाण जितके अल्प, तितका होकारांमध्ये चुकीच्या होकारांचा वाटा वाढतो. हा साधा गणिती नियम आहे आणि धोरण आखताना तो विसरला जाऊ नये.

निष्कर्ष

१. अफूजन्य पदार्थांची प्रतिपिंडाधारित चाचणी मोठ्या संख्येने नमुने झटपट तपासण्याच्या गरजेतून जन्मली. ती साम्य शोधते, ओळख पटवत नाही.

२. पेटंटविषयक धोरण व क्षयरोग कार्यक्रम यांमुळे क्विनोलोन व रिफाम्पिसिन सामान्य माणसापर्यंत पोहोचले. ही आरोग्यक्षेत्रातील मोठी उपलब्धी आहे. चाचणीच्या भीतीने रुग्णाने हे उपचार मध्येच सोडणे, हा चुकीच्या होकारापेक्षाही गंभीर अनर्थ ठरेल.

३. चाचणीपूर्वी घेतलेल्या औषधांची लेखी नोंद, संचाच्या मर्यादांची माहिती आणि पुष्टी चाचणी या तीन गोष्टींशिवाय कोणालाही दोषी मानणे शास्त्राला धरून नाही.

४. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात चिठ्ठी व औषधाचे वेष्टन जपण्याची सवय लावणे हे महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेलाही सहज पेलणारे काम आहे. एका कागदाच्या तुकड्यावर एखाद्या विद्यार्थ्याची नोकरी आणि त्याच्या कुटुंबाची अब्रू अवलंबून असू शकते.

मार्क्विसच्या जांभळ्या रंगापासून आजच्या स्वयंचलित यंत्रापर्यंत साधने बदलली, परंतु जुन्या रसायनतज्ज्ञाचा विवेक कालबाह्य झालेला नाही. रंग दिसला म्हणजे तपास संपला असे तो मानत नसे. यंत्राच्या होकारानंतरही समोरच्या माणसाला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की, त्याचा कोणता आजार होता आणि त्यावर त्याने कोणते औषध घेतले.